दर आठवड्याला मरणाऱ्या बाई

मृत्यूला शांतपणे सामोरं जाण्याची कला फार थोड्या माणसांना साधते. आमच्या ब्राउनश्वाइगच्या घरमालकीणबाईंना ती साधली होती. त्यांना ती जवळजवळ दर आठवड्याला साधायची, आणि पहिल्या जाहिराती लागायच्या आत साधावी लागायची.

बाई मूळच्या जपानच्या. तरुणपणी त्या क्योटोच्या स्टुडिओत सिनेमा-टीव्हीत कामं करायच्या. पुढे एका जर्मन इंजिनियरशी लग्न करून इकडे आल्या. तो बऱ्याच वर्षांपूर्वी वारला आणि त्याचं तीन मजली घर बाईंकडे आलं. त्या स्वतः वरच्या मजल्यावर राहायच्या, मधल्या मजल्यावर आम्ही भाड्याने होतो: मी, बायको आणि आमची तारा. आता आम्ही बाड हॉम्बुर्गला आलो आहोत. इथे आमची घरमालक ही एक कंपनी आहे. ती दर जानेवारीत हाउसऑर्डनुंगची, म्हणजे घराच्या नियमांची, नवी प्रत पाठवते. तिच्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

बाईंबद्दल आहे.

त्यांची कारकीर्द समजायची तर त्या काळच्या जपानी ऐतिहासिक मालिका कशा चालायच्या ते माहीत असावं लागतं. मला ते बाईंनी जिन्यात उभं राहून समजावलं. सुरुवातीला एक गरीब, सालस बाई दिसायची. कधी विणकराची बायको, कधी खानावळवाल्याची मुलगी, कधी नुसतीच आजारी. तिला काहीतरी गुपित कळायचं, आणि ते कुणाला सांगायच्या आत दुष्ट सरदाराची माणसं येऊन तिला मारून टाकायची. मग तलवारबहाद्दर नायकाला तिचं प्रेत सापडायचं, त्याचा जबडा आवळला जायचा, आणि उरलेला भाग तो सूड घेण्यात घालवायचा. ती सालस बाई म्हणजे आमच्या बाई. पुढच्या आठवड्यात केसांची ठेवण बदलून त्या दुसऱ्या एखाद्या मालिकेत हजर व्हायच्या आणि पुन्हा मरायच्या. प्रेक्षकांची तक्रार नसायची. एकाच चेहऱ्याच्या इतक्या बायका मेलेल्या पाहून एकाही नायकाला कधी शंका आली नाही.

"मी मेले नसते तर त्या माणसाने दिवसभर काय केलं असतं?" बाई मला विचारायच्या. "नूडल्स खात बसला असता."

सिनेमाही त्यांनी केले. एका सिनेमात समुद्रातून वर आलेल्या राक्षसाच्या पायाखाली त्या सापडल्या होत्या. प्रत्यक्षात पाय नव्हताच. एक सहायक बांबूला लाल फडकं बांधून उभा होता आणि त्या फडक्याकडे बघून किंचाळायचं होतं. इस्पितळावरच्या एका मालिकेत तर त्या तीन महिने कोमात होत्या. तेवढा काळ आपल्या आयुष्यातला सगळ्यात स्थिर नोकरीचा होता, असं त्या सांगायच्या. रोज जायचं, पडायचं, घरी यायचं. शेवटी नव्या लेखकाने यंत्र बंद केलं.

या कामाचा त्यांना अभिमान होता. "जिवंत माणसाचं काम कुणीही करतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जर्मन टीव्हीवर रविवारच्या गुन्हेगारी मालिकेत एखादं प्रेत पापणी हलवताना त्यांना दिसलं, की सोमवारी जिन्यात भेटेल त्याला ते ऐकावं लागे.

एकच गोष्ट त्यांना सलायची, आणि ती त्यांनी मला एकदा सांगितली, मी तळघरातून बटाट्यांची पिशवी वर आणून दिली म्हणून. त्यांची आई मासेमारीच्या एका लहान गावात राहायची. मुलीची मालिका असली की शेजारच्या बायकांना बोलावून ती टीव्हीपुढे बसायची. मुलगी यायची, मरायची. ती मेली की आई टीव्ही बंद करून सगळ्यांना चहा द्यायची. मुलीचं काम संपलं, आता पुढचं बघून काय करायचं? एकाही मालिकेचा शेवट त्या माऊलीने पाहिला नाही. फोनवर मात्र दर वेळी विचारायची, "यात तरी शेवटपर्यंत आहेस का?" आणि बाई म्हणायच्या, "पुढच्या वेळी."

"मग पुढची वेळ आली का?" मी विचारलं.

"त्याआधी जर्मनी आली," बाई म्हणाल्या, आणि मोड आलेला एक बटाटा त्यांनी मला परत दिला.

जर्मनी आली ती अशी. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनियर कामासाठी जपानला गेला होता. सुट्टीच्या दिवशी यजमानांनी त्याला शूटिंग दाखवायला नेलं. तिथे एक बाई भोसकलेली पडली होती. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे डबे घेऊन सावलीत गेले. बाई तिथेच. तिथली शिस्तच तशी होती: प्रेताने जागा सोडायची नाही, कारण उठलं की किमोनोच्या घड्या बदलतात आणि जेवणानंतर तेच मरण पुन्हा जुळत नाही. या गृहस्थाला ते काही माहीत नव्हतं. त्याने आपली छत्री उघडली, बाईंच्या डोक्यावर धरली, आणि यजमानांचा भात खाऊन होईपर्यंत धरून उभा राहिला. अर्ध्या तासाने त्याने विचारलं, नीट पडता येतंय ना? प्रेताला असं विचारणारा माणूस बाईंना आधी कधी भेटला नव्हता. उत्तर देता येत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्याशी लग्न केलं.

आमची त्यांची पहिली भेट नोव्हेंबरातली. घर बघायला आम्ही संध्याकाळी सहाला गेलो. बाहेर काळाकुट्ट अंधार. दार उघडून, कमरेत वाकून बाई म्हणाल्या, "गुटन मॉर्गन!" म्हणजे सुप्रभात.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. घर बघून झाल्यावर आम्ही निघालो, त्या पुन्हा वाकल्या. रस्त्यावर आल्यावर बायको म्हणाली, "घर छान आहे रे. पण बाईंना दिवस-रात्र कळत नाही. उद्या करार केल्याचं विसरल्या तर?"

नंतर उलगडा झाला. त्यांच्या स्टुडिओत कोणीही, कोणत्याही वेळी कामावर आलं की 'सुप्रभात' म्हणायची पद्धत होती. रात्रीचं शूटिंग असलं तरी. काम सुरू झालं की सकाळ झाली. ती पद्धत बाईंनी जर्मन भाषेत आणली आणि जर्मन भाषेला विचारलं नाही. तळमजल्यावर एक निवृत्त लॅटिनचे शिक्षक राहायचे. चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. वर्षानुवर्षं ते रोज संध्याकाळी बाईंना सांगत, "गुटन आबेंड, ग्नेडिगे फ्राऊ, आबेंड!", म्हणजे 'शुभ संध्याकाळ, बाईसाहेब, संध्याकाळ!', आणि बाई तितक्याच आदराने "गुटन मॉर्गन" म्हणत. एकदा मी ऑफिसातून उशिरा परतलो, तर हे शिक्षक कचऱ्याचा डबा घेऊन दारात उभे. मला बघून ते म्हणाले, "गुटन मॉर्गन." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते डबा तसाच घेऊन आत गेले.

वेळेबद्दल बाईंचा दुसरा नियम असा, की जिथे जायचं तिथे एक तास आधी जायचं. आम्ही त्यांना सातला जेवायला बोलावलं होतं. सहाच्या सुमारास बायको कचरा टाकायला बाहेर पडली, तर बाई जिन्यात पायरीवर बसलेल्या. पाठ ताठ, मांडीवर पर्स, पायांत सपाता.

"अहो, आत या ना!"

"नको. माझा कॉल, म्हणजे सेटवर यायची वेळ, सातची आहे."

"पण इथे थंडीत कशाला?"

"हो, थंडी आहे," बाईंनी मान्य केलं आणि तिथेच बसून राहिल्या. बायकोने आतून शाल आणून दिली. सातला बेल वाजली. दार उघडलं. "गुटन मॉर्गन!"

ताराची आणि त्यांची गट्टी पहिल्या आठवड्यातच जमली. तारा त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणायची. आम्ही मराठीत बोलायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि बाईंशी बोलायला तिला भाषाच लागायची नाही. दुपारी वरून 'धप्प' असा आवाज यायचा. पुन्हा 'धप्प'. मी एकदा बघायला गेलो तर गालिच्यावर माझी मुलगी मरत होती आणि बाई खुर्चीत बसून तिच्या गुडघ्यांकडे पाहत होत्या.

"आधी गुडघा. मग कंबर. मग खांदा. केस सगळ्यात शेवटी," बाई म्हणाल्या. "आणि हातांना लगेच मारू नकोस. हातांना बातमी उशिरा कळते."

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा आम्हाला त्याचं फारसं आश्चर्य वाटलं नाही. ताराच्या वर्गशिक्षिका गंभीर चेहऱ्याच्या बाई होत्या. त्यांनी आधी आम्हाला लहान मुलांच्या खुर्च्यांत बसवलं.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या, "तारा वर्गात मरते."

बायकोने विचारलं, "कधी?"

"गणिताच्या तासाला."

"आणि जर्मनच्या?"

"जर्मनच्या तासाला जिवंत असते."

"म्हणजे गणिताचं बघावं लागेल," बायको म्हणाली. शिक्षिकांनी ते वहीत टिपून घेतलं. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, की घरी नुकतंच कुणी गेलं आहे का. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर एक बाई आहेत, त्या बऱ्याचदा गेल्या आहेत. हे सांगायला नको होतं. पुढची वीस मिनिटं खुलासा करण्यात गेली.

त्या उन्हाळ्यात नागपूरहून माझी आई आली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. घरमालकीण जपानी आहे हे तिला फोनवर कळलं होतं, तेव्हापासून तिने मनाशी काही ठरवलं होतं. बॅगेतून पांढऱ्या संगमरवराची एक छोटी बुद्धमूर्ती निघाली.

"ही कुणाला?" मी विचारलं.

"कुणाला म्हणजे? वरच्या बाईला. जपानी म्हणजे आपल्याच धम्माची ना ती. त्यांच्याकडं वंदना कशी करून राहिले, तेही पाहू."

आम्ही वर गेलो. बाईंच्या कपाटावर नवऱ्याचा फोटो होता आणि त्यापुढे बिअरची एक बाटली. झाकण उघडून ठेवलेली, कारण त्याला स्वतःला ती उघडता आली नसती. आईने ती बाटली पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. मग मूर्ती दोन्ही हातांनी पुढे करून म्हणाली, "नमो बुद्धाय."

बाईंनी वाकून मूर्ती घेतली. "आईंना सांग," त्या मला म्हणाल्या, "मी फक्त अंत्यविधीपुरती बौद्ध आहे. आणि बहुतेक अंत्यविधी माझेच होते."

मी याचं भाषांतर केलं. आईने पुन्हा एकदा बिअरच्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "खोटं तर नाही बोलत ना बाई." तिच्या लेखी ही मोठी पसंती होती.

दुसऱ्या दिवसापासून आई तिच्या मालिका बघायला वर जाऊ लागली. टेबलावर बरणीला टेकवून मोबाइल ठेवायचा, दोघींनी शेजारी बसायचं. मालिका मराठी. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण पाच मिनिटांत त्या एखाद्या पात्राकडे बोट दाखवून मान हलवायच्या. ते पात्र त्याच आठवड्यात जायचं. आई थक्क झाली. "अरे, हिले आधीच समजते! त्या मोठ्या सुनेकडं नुसतं पाहिलं अन् म्हणे, काही खरं नाही."

मी बाईंना विचारलं, कसं ओळखता?

"जिला मारायचं असतं तिच्यावर शेवटी प्रकाश फार चांगला टाकतात," बाई म्हणाल्या.

आई यायच्या थोडं आधी कलाविद्यालयातली एक मुलगी बाईंकडे येऊ लागली होती. सिनेमाची विद्यार्थिनी, नाकात रिंग, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी पिशवी. तिचा पदवीचा लघुपट व्हायचा होता. गावात खरीखुरी जपानी अभिनेत्री राहते हे तिला कुठूनसं कळलं होतं. तिने बाईंना कथा दिली, सोबत कथेमागच्या भूमिकेचं टिपण. टिपण कथेच्या दुप्पट लांब होतं. 'अनुपस्थितीचा अवकाश' असा काहीसा त्याचा विषय होता. ते मी वाचलं. एकटी राहणारी एक म्हातारी स्वयंपाकघरात मरते आणि शेजारीण तिला बघायला येते, एवढं त्यातून मला काढता आलं.

बाईंनी कथा शेवटच्या पानापासून वाचायला घेतली. तशी त्यांची सवयच होती. वाचून त्यांनी ती मिटली.

"मी यातून निवृत्त झाले आहे."

"अभिनयातून?" मुलीने घाबरून विचारलं.

"मरणातून."

मुलगी रडकुंडीला आली. प्राध्यापकांनी मृत्यू मंजूर केला होता. मृत्यू काढला तर सिनेमाच उरत नव्हता. बाई म्हणाल्या, मृत्यू असू दे, फक्त माझा नको. मला शेवटपर्यंत ठेव. मी शेजारीण होते. मुलगी म्हणाली, मग म्हातारी कोण होणार? या गावात आणखी एक आशियाई म्हातारी मी कुठून आणू?

त्या वेळी आई चहा घेऊन वर आली होती. काय चाललंय म्हणून तिने मला विचारलं. मी सगळं सांगितलं, बाईंच्या आईची आणि टीव्ही बंद करण्याची गोष्टही सांगितली. आईने ट्रे खाली ठेवला.

"अन् त्या माऊलीनं एकदाही शेवट नाही पाहिला?"

"नाही."

"मग मी मरते ना," आई म्हणाली. "त्यात काय एवढं? जिती राहू दे तिले."

खाली आल्यावर बायकोने हे ऐकलं. "अहो आई, असं कसं? तुम्ही टुरिस्ट व्हिसावर आला आहात."

"मरायला काय वर्क परमिट लागते का?"

"तसं नाही, पण नागपूरला कुणी बघितलं तर? काय वाटेल त्यांना?"

"आपण शकुन-अपशकुन मानतो का? शाळेच्या गॅदरिंगले मी पंचवीस पोरं मारली होती एका नाटकात. एकाले काही झालं नाही."

बायको माझ्याकडे वळली. मी म्हटलं, मी ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, मला यातलं काही कळत नाही.

तालीम दोन आठवडे चालली. आईला पडणं लवकर जमलं, पडून राहणं जमेना. ती एक डोळा उघडून बघायची. तिला हसू यायचं. कुणी चुकीचं बोललं की ती मेल्या मेल्या दुरुस्त करायची. श्वास छातीत न घेता पाठीत कसा घ्यायचा हे बाईंनी तिला शिकवलं, पाठीवर हात ठेवून. दोघींच्या मध्ये भाषा नव्हती, माझा उपयोग फारसा होत नव्हता, आणि तरी दोघी एकमेकींना मोठ्या आवाजात रागावू शकत होत्या. कपडे म्हणून बाईंनी आपला घरात घालायचा निळा सुती किमोनो आईला दिला. आईने तो घालून आरशात पाहिलं. "गाऊनपेक्षा बरा आहे," ती म्हणाली.

शूटिंग शनिवारी सकाळी आमच्याच स्वयंपाकघरात झालं, कारण तिथे उजेड चांगला यायचा. ती मुलगी, एक कॅमेरावाला आणि लांब काठीवर माइक धरलेली एक मैत्रीण, एवढीच मंडळी. बाई त्यांच्या आधी एक तास येऊन जिन्यात बसल्या होत्या. सकाळपासून त्यांनी काही खाल्लं नव्हतं.

आईचं मरण पहिल्या फटक्यात झालं. टेबलावर चहाचा कप, खुर्ची जराशी सरकलेली, आणि आई जमिनीवर. गुडघा, कंबर, खांदा, केस. हात थोड्या वेळाने. तारा दारात उभी होती. ती व्यावसायिक थंडपणाने म्हणाली, "गूट."

मग बाईंचा प्रवेश. कथेत एवढंच लिहिलं होतं: शेजारीण येते. बघते. ती तिथे असते.

बाई आल्या. त्यांनी बघितलं. त्यांचा हात छातीकडे गेला, मान मागे गेली, आणि इतक्या वर्षांची सवय अंगात उतरून त्या आईच्या शेजारी अलगद कोसळल्या. अतिशय सुंदर कोसळल्या. स्वयंपाकघरात दोन म्हाताऱ्या बायका मरून पडल्या.

"आता या दोघींना शोधायला कोण येणार?" कॅमेरावाल्याने हळूच विचारलं.

दुसऱ्या वेळी बाईंचे गुडघे वाकायला लागले तशी ती मुलगी ओरडली, "नाइन, नाइन! कृपा करून जिवंत राहा!" तिसऱ्या वेळी बाई भिंतीला हात टेकून नुसत्या खांबासारख्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"जिवंत माणसं इथे काय करतात?"

"काही नाही," मुलगी म्हणाली. "गेनाऊ, अगदी तेच हवंय. काहीच नाही."

"किती वेळ?"

"बराच."

बाई बाहेर गेल्या आणि जिन्यात जाऊन बसल्या. मी मागोमाग गेलो. त्या इतक्या लहान दिसतात हे माझ्या तोवर लक्षात आलं नव्हतं. "मला पुढचं येत नाही," त्या म्हणाल्या. "या जागेनंतर मी कधी काम केलेलं नाही. उद्या तिला सांग, दुसरी कुणी बघ. आईंना वाईट वाटेल, त्या चांगल्या मेल्या आहेत."

'जिवंत माणसाचं काम कुणीही करतं' हे वाक्य आम्हा दोघांनाही आठवत असणार, पण कुणी काढलं नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. आई शिस्तीप्रमाणे अजून जमिनीवरच होती. "अरे, काय झालं? कुठं गेली ती? तिले म्हण, दोन घोट चहा घे. सकाळपासून उपाशी आहे ती."

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"म्हणतेय, चहा घ्या."

बाईंनी त्यावर विचार केला. मग उठल्या, किमोनोसारखाच आपला स्कर्ट सारखा केला आणि आत गेल्या. "गुटन मॉर्गन," त्या सगळ्यांना म्हणाल्या, म्हणजे काम पुन्हा सुरू झालं हे सगळ्यांना कळलं.

या वेळी त्या आल्या, त्यांनी बघितलं, आणि हात छातीकडे गेला नाही. त्यांनी सरकलेली खुर्ची ओढली आणि बसल्या. टेबलावर मेलेल्या बाईचा चहा होता, आल्याचा, आता गार झालेला. बाईंनी दोन्ही हातांनी कप उचलला आणि प्यायल्या. एकदम नाही. एक घोट, मग खाली बघणं, मग आणखी एक. चहा पूर्ण संपवला, कपात चोथा किती उरला ते पाहिलं, आणि कप जमिनीवरच्या बाईच्या बाजूला, कान तिच्याकडे करून ठेवला. मग त्या बसून राहिल्या. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप लावत होतं. त्या बसून राहिल्या. त्यांना काही झालं नाही.

ती मुलगी 'कट' म्हणायला विसरली. माइकवालीची काठी हळूहळू खाली यायला लागली. शेवटी जमिनीवरून आवाज आला, "झालं का रे?"

तेवढा आवाज पुढे काढून टाकावा लागला.

शरद ऋतूत कलाविद्यालयाच्या सभागृहात लघुपट दाखवले. आईने परतीचं तिकीट त्यासाठी पुढे ढकललं होतं. प्राध्यापकांनी प्रास्ताविकात अनुपस्थितीबद्दल बोलून बऱ्यापैकी उपस्थित लोकांना बाहेर घालवलं. दिवे गेले. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, पाठ ताठ, मांडीवर पर्स. पडद्यावर आई मेली. ताराने माझा हात दाबला. मग बाई आल्या, बसल्या, चहा प्यायल्या, आणि पडदा काळा होईपर्यंत तिथे होत्या. नावं वर सरकायला लागली. भूमिका न लिहिता दोघींची नावं एका ओळीत दिली होती. बाई शेवटचं नाव जाईपर्यंत हलल्या नाहीत. पुढे काय असतं ते त्यांना बघायचं होतं.

दिवे आल्यावर त्यांनी पर्स उघडून रुमाल काढला, वापरला नाही, परत ठेवला. "मी शेवटी होते," त्या म्हणाल्या. "पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"आईंनी?"

आईने मान डोलावली. तिला प्रश्न कळला नव्हता, पण उत्तर बरोबर होतं.

दोन दिवसांनी गावच्या वर्तमानपत्रात परीक्षण आलं. तळमजल्यावरच्या शिक्षकांनी ते कापून आमच्या दारावर चिकटवलं. जपानच्या ज्येष्ठ अभिनेत्रीने निळ्या किमोनोत साकारलेला मृत्यू विसरता येण्यासारखा नाही, असा मृत्यू आयुष्यभराच्या साधनेशिवाय शक्य नाही, असं त्यात लिहिलं होतं. शेजारणीचं काम एका हौशी भारतीय महिलेने केलं असून त्या होतकरू आहेत, असंही शेवटच्या ओळीत म्हटलं होतं.